टाकी ऐकणारा हिल्मार

“आवाज टाकीत हाय का तुज्या आईच्या डोस्क्यात, ह्ये म्या कसं सांगावं? मी टाकीचा मानूस. डोस्क्याचा डाक्टर दुपारच्या बोटीनं यायचाय, त्याला इचार!”

हिल्मार गॅरेजच्या खड्ड्यातनं बोलत होता. वर गाडी, गाडीखाली खड्डा, खड्ड्यात हिल्मार. बाहेरून दिसत होते ते नुसते बोलणाऱ्याच्या तोंडाकडं लागलेले दोन डोळे आणि वर लोकरीची टोपी, आणि ती मूळची कुठल्या रंगाची होती हे आता त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

“त्यालाच विचारणार आहे,” उन्नी म्हणाली. “पण आधी गाडीचं कळू दे. काल मी बंदराला चांगल्या फेऱ्या मारल्या. काही नाही. मांजरासारखी चालली.”

“तुज्यासंगं मांजर. माज्यासंगं गेली की ठोकती,” दाग्नी म्हणाली. ती टायरांच्या ढिगावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. अंगात चर्चला जायचा काळा कोट. डॉक्टरला नव्हे, बिशपलाच भेटायचं असल्यासारखी.

“बघा! ठोकती म्हणते. कोण ठोकतं, तेही सांग की हिल्मारकाकांना.”

“ते मी गमतीनं म्हनलं हुतं.”

“सांग.”

दाग्नीनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “कोर्नेलियस,” ती म्हणाली.

खड्ड्यातला पाना थांबला.

कोर्नेलियस म्हणजे दाग्नीचा नवरा, उन्नीचा बाप. गेल्या शरदात, पहिलं बर्फ पडायच्या तोंडाला गेला. दिवसभर गाडीच्या बुडाला तेल मारून घरात आला, हात धुतले, मोजे चुलीवरच्या दोरीवर वाळत घातले आणि खुर्चीत बसला तो बसलाच. घाटापलीकडच्या चर्चच्या आवारात त्याला मूठमाती दिली, आणि लगेच बर्फानं घाट बंद झाला. हिवाळाभर गाडी फार तर बंदरापर्यंत जायची. ईस्टरच्या आधी घाट उघडला तशी दाग्नी दर रविवारी गाडी काढून नवऱ्याच्या कबरीवर जाऊ लागली, आणि तेव्हापासनं पेट्रोलच्या टाकीतून आवाज यायला लागला. गाडी उभी करावी, इंजिन बंद करावं, चार पावलं कबरीकडं टाकावीत, की मागनं – ढब्ब!

ईस्टरच्या जेवणाला, कोकराच्या मटणावर रस्सा ओतता ओतता ती बोलून गेली, “तुजा बाप टाकीत बसलाय आन् आतनं दार ठोकतोय, मला भाईर काढ म्हून.” हात दाखवून अवलक्षण! उन्नी हसली नाही. तिनं खिडकीत ठेवलेल्या गाडीच्या किल्ल्या उचलल्या आणि आपल्या कोटाच्या खिशात घातल्या. त्या अजून तिथंच होत्या.

दाग्नीला आता ऐंशी भरत होती. त्यापुढं गाडी हाकायची तर डॉक्टरचा कागद लागतो. आणि स्काल्विकसारख्या गावात गाडी गेली की माणूस जागच्या जागी संपला. दुकान घाटापलीकडं गेलं, पेट्रोलचा पंप उपटून नेला, बस येते ती शाळेला सुट्टी नसेल तर. उन्नी ट्रोम्सो शहरात नगरपालिकेत नोकरीला होती. तिच्या घराला मागच्या बाजूला एक खोली होती, आणि आईनं तिथं येऊन राहावं असं तिला मनापासून वाटत होतं. पोरगी वाईट नव्हती. पण दाग्नीच्या लेखी ती खोली म्हणजे खिडकी बसवलेली शवपेटी. आता सगळा मामला ह्या एका आवाजावर येऊन अडला होता. टाकीत सापडला तर दाग्नी शहाणी आणि किल्ल्या तिच्या. नाही सापडला तर उन्नी तो डॉक्टरच्या कानावर घालणार.

“आन् डाक्टर इचारनार, बाई, आनकी काय काय ऐकू येतं?” दाग्नी म्हणाली. “मला तर खोटं बोलाय येत न्हाई.”

“येतंय की,” टोपी खड्ड्यातनं बोलली. “शाळंत माज्या डब्यातलं चीज तूच खाल्लं हुतंस.”

“ते शेळीचं हुतं आन् त्याला बुरशी आलती. मी तुला वाचीवलं मुडद्या.”

तशी दाग्नी आली होती ती योग्य माणसाकडं. निदान सगळं स्काल्विक तसंच समजत होतं. सेन्या बेटावर गाडीचं इंजिन बिघडलं तर माणसं कुणाकडंही जात. टाकी बोलायला लागली की हिल्मारकडं.

हिल्मार मिसरूड फुटायच्या आत मामाच्या बोटीवर चढून लोफोतेन बेटांकडं कॉड मासे धरायला गेला होता. पहिल्या दिवशी ओकला. दुसऱ्या दिवशी ओकला. मामा म्हणाला, होईल सवय. हंगामामागून हंगाम गेले. हिल्मारला समुद्राची सवय काही झाली नाही, मामालाच त्याच्या ओकण्याची झाली. गळ ओढताना ओकणारं पोर डेकवर काय कामाचं? मामानं त्याला खाली इंजिनापाशी धाडलं. एका सिलिंडरचं इंजिन, ढुप्-ढुप्-ढुप् करत सगळी बोट हलवायचं. बोटीवरची माणसं त्या तालावर जेवायची आणि त्याच तालावर झोपायची. तिथं मामानं त्याला एक विद्या शिकवली. फळीतून तासलेलं लाकडी दांडकं घ्यायचं, एक टोक इंजिनाला लावायचं आणि दुसरं दातात धरायचं. मामा म्हणायचा, “कानानं आयकलेलं वारं पळवून न्येतं. दातानं आयकलेलं हाडात ऱ्हातं.”

पुढं त्यानं किनाऱ्याला लागून हेरिंग मासे खारवायची जुनी वखार घेतली, जमीन उकरून खड्डा केला आणि गाड्या दुरुस्त करायला लागला. वखारीच्या लाकडातला हेरिंगचा वास कधी गेला नाही. उलट तो गिऱ्हाइकांच्या गाड्यांना लागायचा. ट्रोम्सोत म्हणे माणसं एखाद्या गाडीजवळनं जाताना नाक वर करून म्हणत, ही हिल्मारकडं जाऊन आलेली दिसते.

“इंजान बोंबलतं, ते भैऱ्यालाबी कळतं,” हिल्मार सांगायचा. “टाकी कुजबुजती. टाकी म्हंजे गाडीचं पोट. मानूस तोंडानं खोटं बोलंल, पोट बोलत न्हाई.”

टाकी कण्हली तर पंप तहानलाय, गाळणी तुंबलीय. खालून किरकिरली तर पट्टा सैल झालाय. शाळेच्या बाईंची गाडी वळणावर टक् करायची. त्यांच्या जुन्या गाडीला पेट्रोलचा काटा नव्हता, त्या लाकडी पट्टी बुडवून मोजायच्या, आणि तिचाच मोडका तुकडा आत तरंगत हिंडत होता. आणि मिकालची गोष्ट तर अख्ख्या बेटाला पाठ. मिकालच्या गाडीला ब्रेक मारला की पोटातलं दोनदा हिंदकळायचं, एकदा जाड, एकदा पातळ. हिल्मारनं दांडकं लावलं, डोळे मिटले आणि हळूच विचारलं, “मिकाल, दुसऱ्या टाकीत काय हाय रं?” मिकालचं तोंड पांढरं झालं. मागच्या सीटखाली त्यानं घरच्या भट्टीच्या दारूला वेगळी टाकी बसवली होती, आणि गावचा फौजदार स्वतःच्या गाडीचा वायपर बदलून घ्यायला दारातच उभा. हिल्मार मोठ्यांदा म्हणाला, “पानी शिरलंय टाकीत. काढून घ्यावं लागंल.” आणि घेतलं काढून. त्या वर्षीचा नाताळ गॅरेजात लई रंगला. पहिला पेला फौजदारानंच उचलला.

ते दिवसच गोंगाटाचे. वळणावर कुणाची गाडी आली हे ती दिसायच्या आत गावाला कळायचं. नवऱ्याच्या गाडीचा खोकला ऐकून बायका बटाटे उकळायला टाकायच्या, आणि भलत्याच्याच गाडीचा खोकला शेजारणीच्या दारात थांबला तर ते बटाटे गाळ होईस्तोवर खिडकीत उभ्या राहायच्या. आता विजेच्या गाड्या आल्यात. चोरासारख्या येतात, चोरासारख्या जातात. हिल्मारच्या दारात आजही त्यांचीच रांग होती. मे लागला की हिवाळ्याची खिळ्यांची टायरं काढून साधी घालायची असतात, तेवढ्यापुरता त्याचा आणि त्यांचा संबंध. “ह्यास्नी पोटच न्हाई,” तो म्हणायचा, “तर दुखंल काय आन् कळंल काय!”

एक गोष्ट मात्र बेटाला माहीत नव्हती. मामाच्या इंजिनानं हिल्मारचा डावा कान तेव्हाच खाल्ला होता आणि आता उजवाही खात आणला होता. डॉक्टरनं दिलेलं ऐकायचं यंत्र वायसरांच्या डब्यात पडून होतं. कानात घातलं की वारा त्यात शिट्ट्या मारतो, असं बायकोला सांगून त्यानं ते मिटवलं होतं. गिऱ्हाइकाला तो उजव्या अंगाला उभं करायचा आणि बोलणाऱ्याच्या ओठांवर नजर ठेवायचा. चाललं होतं. ज्याला टाक्याच उरल्या नाहीत त्याला कान कशाला हवेत, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. आणि आज दाग्नी टाकी घेऊन आली.

खड्ड्यात उभं राहून त्यानं टाकीवर बोटाची पेरं आपटली. पट्टा हलवून पाहिला, घट्ट होता. पंपावरनं हात फिरवला. बुडाला सगळीकडं काळं, दाट, चिकट तेल. वासावरनंच कोर्नेलियसचा हात ओळखू येत होता. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायच्या आत, शरदातल्या एका शनिवारी, सगळं स्काल्विक गाड्यांच्या पोटाला माशाच्या काळजाचं तेल आणि इंजिनाचं जुनं तेल एकत्र करून मारायचं, गंज चढू नये म्हणून. मग आठवडाभर गावातली कुत्री गाड्यांखाली आणि सीगल गाड्यांमागं. कोर्नेलियस सगळ्यात जाड थर द्यायचा. त्याच्या गाडीला गंज चढला नाही, आणि पाहुणाही.

“काय कळलं का?” वरनं उन्नीनं विचारलं असावं. हिल्मारनं तिचे ओठ पाहिले नव्हते, पण अशा वेळी माणसं दुसरं काय विचारणार?

“कळतंय, कळतंय,” तो म्हणाला आणि खड्ड्यातनं वर आला. काही कळलं नव्हतं. “दाग्ने, हिकडं बघून सांग. आवाज चालताना येतुया का थांबल्यावर?”

“थांबल्यावर.”

“बंदरापतुर गेलीस तर?”

“न्हाई. घाट उतरून चर्चला गेल्यावरच. म्हून तर मी म्हनलं, त्योच आसंल.”

“टाकी कितीक भरल्याली हाय?”

“आर्धी. त्यानंच भरून ठिवल्याली. मी आजून झाकन उगाडल्यालं न्हाई.”

हिल्मारनं कोपऱ्यातला झाडू उचलला, गुडघ्याखाली धरला आणि दांडा बुडापासनं काडकन मोडून घेतला. “चला. दुखनं घाटापल्याड हाय, तर हितं पोट दाबून काय उपेग?”

“दोनला डॉक्टर आहे,” उन्नी म्हणाली.

“मंग हाक की बिगी बिगी!”

किल्ल्या उन्नीच्या खिशात, म्हणून स्टिअरिंगच्या चाकावर उन्नी. शेजारी दाग्नी, आणि तिचं तोंड गाडीपेक्षा जोरात चाललेलं. “गेर टाक... टाक की! चढाला गाडीला आसं रडवू नी... तुज्या बापानं हितं दुसरा टाकला आसता.” मागं हिल्मार सीटची गादी उचलून पत्र्यावर वाकलेला. टाकी ह्या पत्र्याखालीच होती. त्यानं सवयीनं दांडा दातात धरला, आणि मग त्याला आठवलं की मामाच्या बोटीवर दात स्वतःचे होते, आता ते दवाखान्यातले आहेत. कवळी काढून त्यानं खिशात टाकली आणि दांडा कानाखालच्या हाडाला लावला. रस्त्याची घरघर कळत होती. चाकाखालचे खडे कळत होते. टाकी गप्प. आणि घाटाची वळणं लागली तसा समुद्र सोडून एवढी वर्षं झालेल्या त्या माणसाच्या पोटातलं सगळं घशाशी आलं.

“थांबू का?” उन्नीनं आरशात पाहून विचारलं.

“थांबू नगंस!” बोळक्या तोंडानं हिल्मार ओरडला. “थांबलीस तर पैल्यापास्नं यावं लागंल!”

त्यानं खिडकी उघडली आणि घाट उतरेपर्यंत डोकं बाहेर ठेवलं.

चर्चच्या भिंतीशी गाडी थांबली. उन्नीनं इंजिन बंद केलं. भिंतीच्या सावलीला अजून मळकं बर्फ होतं, पलीकडच्या कुरणात नुकती व्यालेली मेंढरं होती. “आता उतरायचं आन् तिकडं चालाय लागायचं,” दाग्नीनं सांगितलं, एखादी रोजची पूजा शिकवावी तसं. मायलेकी उतरून फाटकाकडं चालू लागल्या. हिल्मार मागं पत्र्यावर एक हात आणि जबड्याला दांडा धरून बसला. तळहाताला काहीतरी जाणवलं, की जाणवावंसं वाटत होतं म्हणून जाणवलं? त्याला भरवसा वाटेना. म्हणून त्यानं मान वर करून उन्नीकडं पाहिलं.

उन्नी चालता चालता थबकली होती. गर्रकन वळली. तोंड उघडंच.

“आला?” हिल्मारनं विचारलं.

“व्हय!” उन्नी म्हणाली, आणि ट्रोम्सोची सगळी भाषा तिच्या तोंडातनं गळून पडली. “आला की! ढब्ब करून आला! आगं आई गं, खरंच कुनीतरी ठोकल्यावानी!”

“आज जरा हळू ठोकला,” दाग्नी म्हणाली. “पावनी हाय म्हून.”

उन्नी गाडीपाशी आली. “काका, तुम्हाला नाही आला?”

“मला कशाला याय पायजे? आवाज एक, कान सा. कुना तरी एकाला आला म्हंजे झालं.”

उन्नीनं त्याच्याकडं पाहिलं. दांड्याकडं पाहिलं. मग गाडीला वळसा घालून त्याच्या उजव्या अंगाला येऊन उभी राहिली.

“झाकन उघडून बघू?” दाग्नीनं विचारलं.

“हात लावू नगंस!” हिल्मारनं कवळी तोंडात बसवली, अंगातलं जाकीट काढून खडीवर टाकलं आणि त्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकला. टाकीच्या बुडावर तळहात ठेवला मात्र, तो तिथंच हसायला लागला. बूड अजून अर्धंअधिक आत ओढलेलं होतं, कवळी काढलेल्या म्हाताऱ्याच्या गालासारखं. त्याच्या हाताला ते सरळ सरळ बोललं. गाडी पेट्रोल पिते, पिते, पिते, पण टाकीत वारंच जात नाही. घाटभर पिऊन पोट खपाटीला जातं, आणि गाडी थांबली की झाकणाच्या फटीतनं थोडं वारं झिरपून पत्रा उलटा उसळतो – ढब्ब! वारं जायची नळी तुंबली होती. नळीचं तोंड चाकामागं, वरच्या अंगाला. त्यानं आंधळ्यासारखं चाचपलं. बोटाला काहीतरी लोंबतं लागलं. काळं, तेलानं माखलेलं. अंगठ्यानं पुसलं तर खालनं तांबडी लोकर निघाली.

हिल्मारचा हात तिथंच थांबला.

“काय झालं?” उन्नी वाकली. हे त्याला दिसलं.

“बूच हाय,” तो बाहेर येत म्हणाला. “बोटीचं. बारकं तासल्यालं. तेल मारताना नळीत जाऊ नी म्हून घातल्यालं. दुसऱ्या दिशी सकाळी काडनार आसंल.” पुढचं त्यानं सांगितलं नाही. मोजे वाळत घातल्याचं सगळ्यांनाच माहीत होतं.

“त्ये तांबडं लोंबतं व्हय?” दाग्नी म्हणाली. “त्ये तर मी हिवाळ्यातच बगितलंय. चाकातलं बर्फ झाडताना.”

“आई! बघितलंस? मग काढलं का नाहीस?”

दाग्नीनं लेकीकडं असं पाहिलं, जणू डॉक्टरकडं खरं तर हिलाच न्यायला पाहिजे. “मी कशी काडीन? मी घातलं हुतं का?”

उन्नी कितीही ट्रोम्सोची झाली तरी जन्म स्काल्विकचा होता. बोटीच्या बुडाला भोक असतं, पाणी काढायला. बोट उतरवताना त्यात लाकडी बूच ठोकायचं, वर ओढली की काढायचं; विसरू नये म्हणून बुचाला तांबडी लोकर बांधलेली असते. आणि ज्याच्या हातानं घातलं त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं बघूनही बघायचं नाही, हे तिथं पोराला चालायच्या आधी शिकवतात. एकदा दोघा भावांनी एकमेकांना मदत करायला जाऊन एकच बूच एकानं घातलं आणि दुसऱ्यानं काढलं, आणि माशांनी भरलेली बोट धक्क्याला बांधल्या जागी बुडाली; त्यांना गाव अजून हसतं, ते मेले तरी. दुसऱ्याच्या बुचाला हात लावणारा माणूस शहाणा असतो की वेडा, हे स्काल्विकमध्ये कुणी डॉक्टरला विचारत नाही.

“आता?” उन्नीनं विचारलं.

“आता काय? घातलं त्यानं काडावं,” हिल्मार म्हणाला. भिंतीपलीकडं बघून त्यानं नाक पुसलं. “त्यो काय आता येत न्हाई. आन् गडी परत आला न्हाई तर कुनी काडायचं, त्येबी ठरल्यालं हाय. दाग्ने?”

दाग्नी हलली नाही. “माजा चर्चचा कोट हाय.”

“माजं जाकीट हाय खाली.”

“तुज्या जाकिटापरीस खडी बरी.”

पण तिनं पिशवी उन्नीच्या हातात दिली. एक हात मडगार्डवर, एक लेकीच्या खांद्यावर, असं करत करत ती खाली बसली, मग आडवी झाली, आणि काळ्या कोटासकट गाडीखाली गेली. बाहेर राहिले ते तिचे बूट, टाचा खडीत रोवलेले. ते बूट बराच वेळ तसेच होते. हिल्मारनं वेळ जावा म्हणून उन्नीला मेंढरं दाखवली. ह्या साली जुळी लई झालीत म्हणाला. उन्नी हो म्हणाली. दोघंही बुटांकडंच बघत होते.

मग टाकीनं श्वास घेतला. हुस्स्स्... लांब, सावकाश, संपतच नाही असा. आणि शेवटी सगळा पत्रा एकदम फुगून ढब्बकन जागेवर बसला. गाडीवर ठेवलेल्या हिल्मारच्या हाताला धक्का बसला, पार कोपरापर्यंत. हा त्याला ऐकू आला की हातानंच कळला, हे त्यानं कधी ठरवलं नाही.

गाडीखाली दाग्नी हसत होती. बूट हलत होते.

“काय झालं गं?”

“जलमभर आसाच सोडत हुता मेला,” गाडीखालनं आवाज आला. “जेवान झालं की खुर्चीत बसायचा आन्... शेवटचा राखून ठिवला हुता, बाय!”

उन्नी हसता हसता गाडीला टेकून बसली आणि मग तिला रडू आवरेना. हिल्मारनं ते पाहिलं नाही असं केलं. ह्या कामात तो वाकबगार होता.

दाग्नी बाहेर आली. कोटाला पाठभर खडी, केसाला माशाचं तेल. मुठीत तांबडी लोकर लोंबणारं बूच. हिल्मारनं हात पुढं केला, “दे, टाकतु कचऱ्यात.”

“टाकतुस कुटं? शरदात लागंल की मला.” तिनं ते कोटाच्या खिशात घातलं. फाटकातून एकदा आत पाहिलं. “आज गुरवार हाय. रैवारी यीन म्हनावं,” असं कुणाला तरी म्हणाली आणि गाडीकडं वळली.

ती सवयीनं डावीकडच्या दाराशी गेली, चाकाच्या बाजूला. हात दाराला लावल्यावर तिला आठवलं असावं, कारण ती तिथंच उभी राहिली. उन्नीनं नाक पुसलं. खिशात हात घातला. किल्ल्या काढून थोडा वेळ हातातच खेळवल्या.

“डॉक्टर डोळे तपासणार आहे. त्यात मी काही करू शकत नाही,” ती म्हणाली.

“डोळ्यांचं डोळं बगून घ्येतील,” दाग्नी म्हणाली. “आन हिकडं.”

घाट चढताना दाग्नीनं दुसरा गिअर नेमका तिथंच टाकला. हिल्मार पुढं बसला होता, कारण मागं बसवला तर तो ओकेल असं दोघींचं मत पडलं. वरच्या वळणावर गाव दिसलं: बंदर, वखार, दारातली ती मुक्या गाड्यांची रांग, आणि धक्क्याकडं येणारी डॉक्टरची बोट. दाग्नीनं पाय दाबला.

त्याला त्यांनी गॅरेजच्या दारात उतरवलं. पैशाचं त्यानं काढू दिलं नाही. दाग्नी म्हणाली, चीज पाठवून देते. हिल्मारनं वायसरांचा डबा उघडला. ते यंत्र चाचपून वर काढलं, फुंकर मारली, पुन्हा ठेवलं. मग पुन्हा काढलं आणि टोपीच्या घडीत खोचलं. बघू उद्या.

रांगेतल्या तीन गाड्या उरकून चौथी आत घेतली, जॅक लावला. मालक शिक्षक होता, घड्याळाकडं बघत होता. हिल्मार चाकाचे बोल्ट ढिले करत असताना शिक्षक एकदम दचकला आणि दाराबाहेर पाहू लागला.

“कोण हो ही? केवढ्यांदा हॉर्न मारते!”

हिल्मारनं वळून पाहिलं. जुनी चौकोनी गाडी दवाखान्याकडनं येऊन वळणावर निघाली होती. चाकावर काळा कोट. शेजारी उन्नी, दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरून. खिडकीतनं एक हात बाहेर आलेला, आणि त्या हातात एक कागद वाऱ्यावर फडफडत होता.

“कुठं काय,” हिल्मार म्हणाला. “मला न्हाई आला.”

आणि खिळ्यांचं टायर ओढून काढून त्यानं ते भिंतीकडं गडगडत सोडून दिलं.